मोफत दिवाणी विधी सहाय्य : ज्येष्ठ नागरिक आणि अल्प उत्पन्न गटातील पक्षकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायालयाच्या आवारातील आमच्या विधी सेवा कार्यालयात येणारी बहुतेक ज्येष्ठ मंडळी फार उशिरा येतात. सही होऊन गेलेली असते, मुदत टळलेली असते किंवा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांची बाजू न ऐकताच दिलेला न्यायालयाचा निकाल, झालेला असतो. याचे कारण बहुधा एकच असते. वकील परवडणार नाही असे त्यांनी गृहीत धरलेले असते आणि वकील मोफत मिळणे हा आपला हक्क आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पुढील उत्तरे महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून दिली आहेत आणि ती केवळ दिवाणी, महसुली व कौटुंबिक स्वरूपाच्या प्रकरणांपुरती आहेत.

मोफत विधी सहाय्य ही सरकारची मेहेरबानी आहे का?

नाही. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि पैशाअभावी कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये ही जबाबदारी शासनावर आली. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. पात्र व्यक्तीने अर्ज केला आणि प्रकरणात सकृतदर्शनी तथ्य असले, तर सहाय्य देणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य ठरते. म्हणून कार्यालयात येताना संकोच बाळगू नये आणि विनवणीच्या सुरात बोलण्याचीही गरज नाही.

या सहाय्यात नेमके काय मिळते?

सल्ला, नोटिशीला उत्तर, दावा किंवा कैफियत (दाव्याला प्रतिवादीने द्यायचे लेखी उत्तर) तयार करणे, न्यायालयात बाजू मांडणारा वकील, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, निकालाच्या प्रमाणित नकला आणि आवश्यक तेथे कागदपत्रांचे भाषांतर, असे सगळे यात येते. या अधिनियमात ‘न्यायालय’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. दिवाणी न्यायालयाबरोबरच महसुली न्यायालये आणि न्यायाधिकरणेही तीत येतात. त्यामुळे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्यापुढे चाललेल्या प्रकरणातही हे सहाय्य मागता येते. ही बाब गावाकडील पक्षकारांना क्वचितच ठाऊक असते.

कोण पात्र आहे? साठी ओलांडली म्हणजे आपोआप पात्र होतो का?

अधिनियमाच्या कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींचे वर्ग दिले आहेत. त्यांत स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तींतील पीडित आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती येतात. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. त्यांखेरीज ज्यांचे वार्षिक उत्पन्न राज्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे ते सर्व पात्र असतात. महाराष्ट्रात ही मर्यादा ३ लाख रुपये आहे आणि सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी ती ५ लाख रुपये आहे.

वय हा कलम १२ मधील स्वतंत्र निकष नाही. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजी स्त्री म्हणून पात्र ठरतात, मग त्यांची पेन्शन कितीही असो. सत्तर वर्षांचे आजोबा मात्र उत्पन्नाच्या मर्यादेवर किंवा दिव्यांगत्वासारख्या दुसऱ्या एखाद्या निकषावर पात्र ठरतात. वृद्ध दांपत्य एकत्र येते तेव्हा हा फरक समजून घेणे उपयोगी पडते, कारण घर दोघांच्या नावावर असले तर पत्नीच्या नावे अर्ज करणे पुष्कळदा सोपे जाते. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१६ सालची स्वतंत्र योजनाही आहे. श्रावणबाळ निवृत्तिवेतनासारख्या योजनांचे अर्ज अडले असतील तर तिच्या आधारे विधी स्वयंसेवकांची मदत घेता येते.

माझ्या नावावर घर आहे. मग मला ‘गरीब’ कसे समजतील?

निकष मिळकतीच्या किमतीचा नसून वार्षिक उत्पन्नाचा आहे. दादरच्या चाळीतील खोलीची किंमत आज मोठी दिसते, परंतु त्या खोलीत राहून महिना चार-पाच हजारांवर भागवणारी व्यक्ती अपात्र ठरत नाही.

तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन महिने गेले. तोवर अर्ज थांबवावा का?

थांबवू नये. कलम १३ नुसार अर्जदाराने स्वतःच्या उत्पन्नाबाबत केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, मात्र त्यावर अविश्वास ठेवण्यास प्राधिकरणाकडे काही कारण नसावे. दाखला हाती असेल तर जरूर जोडावा. तो नसेल तर प्रतिज्ञापत्र करावे. शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क शासनाने माफ केले आहे, म्हणून केवळ त्यासाठी बाहेर स्टॅम्प पेपर शोधत फिरू नये.

अर्ज कोठे व कसा करायचा?

तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या स्वतंत्र समित्या आहेत. अर्ज मराठीत करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तेथील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक ते लिहून घेतात. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा किंवा घरातील कोणाकडून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरून घ्यावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे. एकाकीपणा, छळ किंवा निवाऱ्याची अडचण असेल तर तेथे बोलता येते.

अर्जावर लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७ दिवसांच्या आत, निर्णय व्हावा असा नियम आहे. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागून घ्यावे आणि वरिष्ठांकडे अपील करावे.

मोफत मिळणारा वकील मन लावून काम करील का?

हा प्रश्न लोक खालच्या आवाजात विचारतात, परंतु तो रास्त आहे. पॅनेलवरील वकील नेहमीच्या प्रॅक्टिसमधलेच असतात. त्यांना प्राधिकरणाकडून मानधन मिळते आणि पक्षकाराकडून एक रुपयाही घेण्यास त्यांना मनाई आहे. मानधन मोठे नसते हे खरे आहे. काही वकील असे काम तळमळीने करतात आणि काही तारखांना ज्युनिअरला पाठवून देतात, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून प्रत्येक विधी सेवा संस्थेत देखरेख समिती असते आणि वकील तिला प्रकरणाच्या प्रगतीचा अहवाल देतात. वकील भेटत नसतील, तारखा चुकवत असतील किंवा ‘टायपिंगचे’, ‘साहेबांचे’ अशा कोणत्याही नावाने पैसे मागत असतील, तर लेखी तक्रार द्यावी आणि वकील बदलून मागावा. तक्रारीमुळे आपले प्रकरण बिघडेल ही भीती मनातून काढून टाकावी.

दिवाणी न्यायालयाचे समन्स आले आहे. तारखेला गेले म्हणजे झाले ना?

तेवढ्याने भागत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते.

एकदा साधारण सत्तरीचे एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत वीजबिलांचा गठ्ठा होता आणि त्या गठ्ठ्यात, बिलांच्याच मापाची घडी करून, समन्स ठेवलेले होते. ते मिळून चार महिने झाले होते. भावाने वाटपाचा दावा लावला होता. “घरचं भांडण आहे, कोर्ट काय करणार,” अशी त्यांची समजूत होती. समन्सच्या मागे जोडलेले वादपत्र, म्हणजे भावाने दाव्यात मांडलेले म्हणणे, त्यांनी उघडूनही पाहिले नव्हते.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी कैफियत दाखल करावी लागते आणि सबळ कारण दाखवल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतर मार्ग अगदीच बंद होतो असे नाही, परंतु प्रत्येक दिवसाच्या विलंबाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. प्रतिवादी हजरच झाला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नव्हते, तर हे ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणून समन्स हाती पडले की त्यावर ते मिळाल्याची तारीख लिहावी आणि त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालय गाठावे. वादपत्र समजले नाही तरी हरकत नाही, ते वाचून समजावून सांगणे हे आमचे काम आहे.

मुले सांभाळत नाहीत. दिवाणी दावा लावायचा का?

बहुधा त्याची गरज पडत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यासाठीच आहे. या अधिनियमात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती. आईवडिलांना मात्र वयाची अट नाही, पंचावन्न वर्षांची विधवा आईही मुलांकडे निर्वाह मागू शकते. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांना, त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे वारसाने ज्याच्याकडे जाणार आहे अशा नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. भाचे-पुतणे जमिनीवर नजर ठेवून असतात पण दवाखान्यात नेत नाहीत, अशा प्रसंगी ही तरतूद कामी येते.

अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. ज्येष्ठ जेथे राहतात, जेथे शेवटचे राहिले किंवा जेथे मुले राहतात, यांपैकी कोणत्याही ठिकाणी तो करता येतो. सातारच्या आईला मुलगा पुण्यात आहे म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. स्वतः जाणे होत नसेल तर अधिकृत केलेली अन्य व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो आणि अपवादात्मक परिस्थितीत त्यात एकदाच ३० दिवसांची वाढ करता येते. दरम्यान अंतरिम निर्वाहही मागता येतो, आणि तो मागण्यास विसरू नये. निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. आजचे औषधांचे दर पाहता ही रक्कम अपुरी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, परंतु तूर्त कायदा तेवढाच आहे.

आदेश होऊनही मुलाने पैसे दिले नाहीत तर न्यायाधिकरण वसुलीचे वॉरंट काढू शकते आणि एक महिन्यापर्यंत कैदही देऊ शकते. मात्र त्यासाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. “आज देईल, उद्या देईल” म्हणत आईवडील वर्षभर थांबतात आणि मागच्या महिन्यांची थकबाकी या मार्गाने वसूल होण्याची संधी गमावतात.

या न्यायाधिकरणात वकील चालत नाही असे ऐकले. मग विधी सेवा कार्यालयाचा काय उपयोग?

अधिनियमाच्या कलम १७ मध्ये वकिलांना मनाई आहे, जरी केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही मनाई वकिलांच्या कायद्याशी विसंगत ठरवली असली तरी. प्रत्यक्षात ज्येष्ठांना त्याचा त्रास होत नाही. अर्ज, कागदांची जुळणी आणि काय बोलायचे याची तयारी कार्यालयात करून घेता येते. शिवाय ज्येष्ठांची इच्छा असल्यास समाजकल्याण विभागाचा निर्वाह अधिकारी त्यांचे प्रतिनिधित्व करू शकतो.

मुलाला घर बक्षीसपत्राने दिले आणि आता तो जेवायलाही देत नाही. घर परत मिळेल का?

मिळू शकते. याच २००७ च्या अधिनियमाचे कलम २३ असे सांगते की, देणाऱ्याच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवाव्यात या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता हस्तांतरित केली आणि घेणाऱ्याने ते नाकारले, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानले जाते आणि देणाऱ्याच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. मात्र ते हस्तांतरण अधिनियम लागू झाल्यानंतर झालेले असावे लागते.

खरी अडचण ‘अट’ या शब्दाची आहे. दस्त लिहिणारा नेहमीचा मजकूर छापतो, ‘प्रेम व जिव्हाळ्यापोटी देत आहे’, आणि सांभाळाचा शब्दही त्यात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात म्हटले की अशी अट होती हे दाखवावे लागेल. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी ऊर्मिला दीक्षित प्रकरणात, ज्यात बक्षीसपत्राच्या सोबतीला मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिले होते, न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून बक्षीसपत्र रद्द केले आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचाही आदेश करू शकते असे स्पष्ट केले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर व्यवहारात एवढे निघते की दस्तात किंवा निदान वेगळ्या लेखी कागदात सांभाळाची अट असली पाहिजे.

आमचा आग्रह असा की बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी मोफत सल्ला घ्यावा. दस्तात सांभाळ, औषधोपचार आणि हयातभर राहण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. त्याहून चांगले म्हणजे, घाई नसेल तर बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, घर शेवटपर्यंत आपल्याच नावावर राहते, आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. ‘कर्जासाठी बँकेला हवंय’, ‘फक्त सहीपुरतं चला’ असे म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जात असेल, तर चष्मा बरोबर घ्यावा, दस्ताचे शीर्षक स्वतः वाचावे आणि त्यावर ‘बक्षीसपत्र’ किंवा ‘हक्कसोडपत्र’ लिहिले असेल तर त्या दिवशी सही करू नये.

मुलगा व सून माझ्याच घरात राहून त्रास देतात. त्यांना घराबाहेर काढता येईल का?

ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल तर न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात स्पष्ट केले आहे की सुनेचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील राहत्या घराचा हक्क या मार्गाने डावलता येणार नाही. मुलगा बाहेर राहून आईवडिलांच्या नावे सुनेला काढू पाहतो, अशी प्रकरणेही येतात, आणि त्यांत सूनही मोफत वकिलास तितकीच पात्र असते. एकाच प्रकरणातील दोन्ही बाजू पात्र असल्या तर त्यांना वेगवेगळे वकील दिले जातात.

मुले परदेशात आहेत. अर्ज करून उपयोग आहे का?

आहे. मूल भारताबाहेर राहत असेल तर केंद्र शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्यामार्फत समन्स बजावण्याची तरतूद अधिनियमात आहे. वेळ अधिक लागतो, म्हणून मुलाचा तेथील अचूक पत्ता, ईमेल आणि मागील काळात पाठवलेल्या रकमांच्या बँक नोंदी सुरुवातीसच द्याव्यात.

घरमालक खोली खाली करा म्हणतो आणि पाणी तोडतो. काय करावे?

पागडीच्या किंवा जुन्या भाड्याच्या खोलीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असते. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी मागणी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. दावा लागल्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढील भाडे नियमित भरत राहिले आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून खोली जात नाही. पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी तोडणे हा कलम २९ नुसार गुन्हा आहे आणि न्यायालय त्या पूर्ववत करून देऊ शकते. मालक भाडे घेत नसेल तर ते मनिऑर्डरने पाठवून पावती जपावी. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला मात्र हे संरक्षण नाही.

सातबाऱ्यावरून माझे नाव कमी झाले आहे.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. केवळ त्यावरून मालकी मिळत नाही किंवा जातही नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नये. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार (नावातील बदलाची नोंद) प्रमाणित केला असेल तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे. हक्काचाच वाद असेल तर दिवाणी दावा आणि सोबत मनाई हुकुमाचा अर्ज लागतो. बहिणींची नावे ‘चुकून’ राहिली असल्याची प्रकरणे विशेष आढळतात आणि त्या सर्व जणी स्त्री म्हणून मोफत सहाय्यास पात्र असतात.

वीजबिल किंवा विम्याचा दावा अडला आहे. त्यासाठीही कोर्ट?

अशा लोकोपयोगी सेवांच्या तक्रारींसाठी कायम लोकअदालत आहे. वीज, पाणी, टपाल, दूरध्वनी, वाहतूक, रुग्णालय व विमा हे विषय तेथे चालतात, मर्यादा १ कोटी रुपयांची आहे आणि कोर्ट फी लागत नाही. मात्र त्याच तक्रारीसाठी आधी न्यायालयात गेलेले नसावे. तडजोड झाली नाही तर ही कायम लोकअदालत दोन्ही बाजू तपासून स्वतः निर्णयही देऊ शकते.

न्यायालयातील दाव्यात नेहमीच्या लोकअदालतीत तडजोड करण्याचा आग्रह होत आहे. करावी का?

लोकअदालतीत मिटलेल्या दाव्याची कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. परंतु त्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा मजकूर वकिलाकडून मराठीत वाचून घ्यावा, रक्कम केव्हा व कशी मिळणार हे त्यात लिहून घ्यावे आणि मनाला पटत नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. नकार दिला म्हणून न्यायाधीश रागावत नाहीत, प्रकरण पुन्हा नियमित न्यायालयात जाते.

कार्यालयात येताना काय आणावे?

आधार कार्ड, वयाचा पुरावा, असल्यास उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला आणि वादाशी संबंधित सर्व कागद आणावेत. मूळ कागद कोणाकडेही देऊन टाकू नयेत, झेरॉक्स द्यावी. बँकेचे पासबुक आणावे, कारण मुलाने शेवटचे पैसे केव्हा पाठवले हे त्यातच दिसते. पाकिटेही फेकू नयेत, कारण नोटीस कोणत्या दिवशी मिळाली हे पुष्कळदा पाकिटावरील टपालाच्या शिक्क्यावरूनच सिद्ध होते. कागद क्रमाने लावता आले नाहीत तरी चालेल, पिशवी जशी आहे तशी घेऊन यावी. न्यायालयीन कामकाजाच्या दिवशी सकाळी, पुकारा सुरू होण्याआधी आलात तर वकिलांशी निवांत बोलता येईल.